फोनातला केर

संस्थेच्या सेविका झुंबरबाईंच्या फोनात सदतीस मुलांची वजनं होती आणि नाशिकच्या ऑफिसात त्यातलं एकही पोचलं नव्हतं. यशश्री पेठजवळच्या पाड्यावर, त्यांच्याच ओट्यावर डोक्याला हात लावून बसली. वजनं नोंदवून पाठवायचं संस्थेचं ॲप तिनेच बनवलं होतं. पाड्यावर रेंज नाही. म्हणून ॲपमधली एक सेवा पडद्यामागे जागी राहणार आणि बाई खिंडीत गेल्या, रेंज आली, की सगळी माहिती पाठवणार. बाकीच्यांना हे सांगताना तिची छाती फुगायची.

ऑफिसप्रमुख देवव्रत सरांचा निकाल मात्र तयार होता. झुंबरबाई कामच करत नाहीत, सोमवारी काढून टाका. आज शुक्रवार. यशश्रीला सरांचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त. घोळ आपल्या ॲपचा असेल, तर या बाईची नोकरी का जावी?

"मावशी, वजनं भरून झाली की फोनचं काय करता?"

"केर काढते की. घराचा बी आन् ह्याचा बी." झुंबरबाईंनी अंगठ्याने उघडी ॲपं एकामागून एक वर ढकलून दिली. फोन लख्ख. यशश्रीची सेवाही त्यातच गेली.

"अहो, वर लिहून येतं ना, 'सेवा सुरू आहे, बंद करू नका'?"

"येतं. पण केर कधी म्हणंल का, मला काढा म्हणून?"

यशश्रीला हसू आवरेना. "आणि हा केर काढता कधी?"

"दिवा लावायच्या आधी. दिवा लागल्यावर झाडू धरायचा नाय, लक्ष्मी जाती!"

यशश्री हसता हसता थांबली.

नाशिकला परतल्यावर तिने फक्त ती सूचना खोडली. तिथे पणतीचं चित्र टाकलं आणि लिहिलं, 'दिवा लावला आहे.' शनिवारच्या बाजाराला खाली उतरलेल्या सगळ्या पाड्यांवरच्या सेविकांच्या फोनात नवं ॲप पोचलं.

सोमवारी सकाळी झुंबरबाई खिंडीत पोचल्या आणि त्यांची सदतीसच्या सदतीस वजनं आली. पाठोपाठ शेजारच्या पाड्याची, मग त्याच्या पलीकडच्याची. रेंजच नाही म्हणून ऑफिसने ज्यांचा नाद सोडला होता, ते एकोणीस पाडे दुपारपर्यंत हजर झाले. झुंबरबाईंना काढायचं पत्र हातात तसंच धरून देवव्रत सर केबिनबाहेर धावत आले.

"यशश्री, अगं, त्या डोंगरात टॉवर उभा कुणी केला?"