नितळ सांडपाणी

"हे सांडपाणी नव्हे," तपासणीला आलेले साहेब बाटली उन्हात धरून म्हणाले. "यातून तुमचा चेहरा दिसतोय, बाई."

कोळंबीच्या तळ्यातलं घाण पाणी हेमलता तांडेलने काठच्या टाकीत घेऊन शिंपल्यांवर वाढवलेल्या जिवाणूंनी आणि तरंगत्या जलपर्णीने नितळ केलं होतं. आज पाणी खाडीत सोडण्याचा परवाना मिळाला नाही, तर तळं रिकामं करून कोळंबी काढता येणार नव्हती.

"तेच आहे, साहेब. साफ झालंय."

"अर्जावर सांडपाण्याचा नमुना म्हटलंय. हा नेला तर खोटेपणा होईल."

हेमलताने साडी खोचली आणि टाकीत उतरून पायांनी तळ ढवळला. साहेबांनी काळपट पाणी भरून घेतलं, समाधानाने बूच लावलं.

"आता पुढचा रकाना. हे स्वच्छ कसं करणार?"

"चहा घ्या, साहेब," ती काठावर चढत म्हणाली. "तोवर गाळ बसेल."