पहिल्या डब्यापासून

"तुह्या कंपनीची पट्टी खराब होती, एवढं लिहून दे बाई," देवीलाल नायक हात जोडून म्हणाले. नातीच्या रक्तात सिकलसेल निघाला होता आणि पोराकडचे सोयरीक मोडायला बसले होते.

उज्ज्वलाने पट्टीचा फोटो असलेला रिपोर्ट घेतला. पंचवीस वर्षांपूर्वी याच देवीलालनी तिचा असाच रिपोर्ट भर तांड्यात वाचून दाखवला होता. 'नासकं रक्त आमच्या घरात नको' म्हणत आपल्या धाकट्या मुलाशी ठरलेलं तिचं लग्न मोडलं होतं. त्यानंतर तिने आर्णीत इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्ट्या बनवणारी ही कंपनी काढली. रक्तातला दोष त्या पट्टीवर रेघांमधून दिसायचा.

"पट्टी बरोबर हाये, नायक. हे पाहा, इकडं तुमच्या नातीचं रक्त. अन् बाजूले हे दुसरं, दोष असलेलं. ताडून पाहाले आमी पट्ट्यांच्या प्रत्येक डब्यात या रक्ताची एक शिशी देतो."

"दोन्हीच्या रेघा तं सारख्याच हायेत," देवीलाल पुटपुटले. "हे दुसरं कोनाचं?"

"माह्यं. पहिल्या डब्यापासून माह्यंच." तिने रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला. "आता तुमीच सांगा, यातलं नासकं कोनतं?"