चकल्यांचा डबा

न्यू जर्सीत नवख्या केतकीला वृंदाताईंनीच ड्रायव्हिंग शिकवलं, शाळेत मदतनीस म्हणून चिकटवलं. त्याच वृंदाताई स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. पण शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या युनियनचा पाठिंबा कुणाला हे ठरवताना केतकीचा हात वर गेला तो त्यांच्या विरोधकासाठी. मदतनिसांना हेल्थ इन्शुरन्स देईन, म्हणत होता तो. वृंदाताई खोटं आश्वासन देईनात. केतकीच्या नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घरात इन्शुरन्सच नव्हता. आपण हात का वर केला हे वृंदाताईंना सांगायचा धीर होईना, म्हणून तिने दिवाळीला त्यांना चकल्यांचा डबा पाठवला. निवडणूक हरल्यावर वृंदाताई डबा परत द्यायला आल्या. “या ना, ताई.” “नको गं, दमलेय.” डबा हलका लागला. “रिकामा नाहीये,” त्या म्हणाल्या, “आपल्यात रिकामा परत करत नाहीत.” त्या गेल्यावर तिने झाकण उघडलं. आत युनियनचं पत्रक होतं. त्यावरच्या फोटोत, पहिल्या रांगेत, हात वर केलेली केतकी.