राष्ट्रपतींचा तास

निलंग्याच्या कॉलेजात माजी राष्ट्रपती गुरुपादप्पा तास घ्यायला उभे राहिले, तेव्हा वर्गात फक्त पंख्याचा आवाज होता. याच कॉलेजात त्यांनी उमेदीची वर्षं तर्कशास्त्र शिकवलं होतं. दिल्लीहून गावी परतल्यावर त्यांनी प्राचार्यांकडे एकच गोष्ट मागितली होती, पुन्हा शिकवायला एक वर्ग.

"धूर दिसला, की तिथं आग आहे असं अनुमान निघतं," ते म्हणाले. "समजलं?"

"हो सर." सगळा वर्ग एका सुरात.

त्यांनी पुढचं सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "हो सर." दारात अंगरक्षक उभा होता. मागच्या बाकावर प्राचार्य व्यंकटराव हाताची घडी घालून बसले होते.

गुरुपादप्पांचा खडू फळ्यावर थांबला. पाच वर्षं समोरची माणसं अशीच माना डोलवत आली होती. आपण बोलतो ते बरोबर की चूक, हे कळायची सोयच उरली नव्हती. इथंही तेच असेल, तर उद्या यायचं कशाला?

"सर, मला न्हाई पटलं."

खिडकीजवळच्या बाकावरची वर्षाराणी उभी राहिली होती. व्यंकटराव ताडकन उठले. "खाली बस."

"बोलू द्या तिला," गुरुपादप्पा म्हणाले.

"आमचं गुऱ्हाळ हाय सर. चुलवाणात पाणी ओतलं की आग विझती. अन् धूर तर तवाच लई निघतो. मग धूर हाय म्हणजे आग हाय, असं कसं म्हणायचं?"

"ती वाफ असती," मागच्या बाकावरचा एक पोरगा, बजरंग म्हणाला.

"वाफंनं डोळे चुरचुरतात व्हय?"

वर्ग हसला. गुरुपादप्पा टेबलाला टेकले. "आग विझली हे कशावरून? आत धुमसत असेल."

"हात घालून बघा की सर."

व्यंकटरावांनी डोळे मिटून घेतले. गुरुपादप्पा इतके हसले, की अंगरक्षक आत डोकावला. मग कुणी उसाच्या वाळल्या पाचटाचं सांगू लागलं, कुणी ओल्या लाकडाचं. घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

घरी पत्नी उमादेवी वाट बघत होत्या. "कसा झाला तास?"

"कुणालाच पटलं नाही," पाटावर बसत गुरुपादप्पा म्हणाले. "लवकर वाढ. उद्या त्या पोरीला उत्तर द्यायचंय, अन् मला अजून सापडलेलं नाही."