सोपा पेपर

बास्केटबॉल लीगची शेवटची मॅच जिंकली असती, तर सेमीफायनलला अग्निशमन दलाचे दांडगे जवान अंगावर आले असते. म्हणून डेंटिस्टांच्या कप्तानाने आपल्या गड्यांना सोपे नेमही चुकवायला लावले, मॅच घालवली आणि बस ड्रायव्हरांची ढेरपोटी टीम पदरात पाडून घेतली.

"बॉल दिला तर स्टिअरिंगसारखा धरून बसतील!" तो गड्यांपाशी खिदळला. मग ड्रायव्हरांच्या कप्तानाकडे गेला. ते पोट सावरत, वाकून बुटाची नाडी बांधत होते.

"काका, दम लागला तर बिनदिक्कत सांगा हं. थांबू आम्ही."

काकांनी सावकाश गाठ आवळली.


"शेवटची मॅच आम्हीसुद्धा मुद्दामच हरलो, डॉक्टर. म्हटलं, सेमीफायनलला तुम्हीच मिळायला हवेत."