आपल्याच मैदानावर

मेलबर्नच्या त्या फुटबॉल संघात रेमंड हा एकटाच मूळनिवासी खेळाडू. त्याने गोल मारला की अख्खा स्टँड "आपला रेमंड!" म्हणत नाचायचा, आणि त्याच लोकांत बसलेल्या त्याच्या आईचा, थेल्माचा, ऊर भरून यायचा.

त्या शनिवारी समोरच्या संघाकडून तिचा भाचा व्हिक खेळत होता. त्याच्याकडे चेंडू गेला आणि तोच स्टँड ओरडला, "ए काळ्या माकडा, जा जंगलात!"

शेजारची नोरीन घाईघाईने म्हणाली, "अगं, तुमच्या रेमंडला नाही हं! त्या पोराला."

"ते पोर माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे."

"असेल गं. पण तो त्यांचा ना!"

सामना संपल्यावर थेल्माने रेमंडला गाठलं. "व्हिकला काय काय बोलत होते, ऐकलंस?"

"दर शनिवारी ऐकतो, आई. इथं आमचे लोक त्याला बोलतात, त्यांच्या मैदानावर गेलं की त्याचे लोक मला."

थेल्मा उसळली, "आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस?"

रेमंड खाली बघत म्हणाला, "म्हणून तर तुला फक्त आपल्याच मैदानावर आणायचो. म्हटलं, इथं तरी तुझ्या कानावर काही पडणार नाही."