न पडलेला पूल

पूल पडला. सकाळची बस बरोबर मधोमध असताना पडला, आणि ड्रायव्हर सोडला तर बसमधलं कुणीही वर आलं नाही. एवढं वाचून झालं असेल तर आता विसरून जा. चौकशी समितीच्या मते पूल पडलेला नाही.

समिती म्हणजे एक मेजर. परदेशी फौजेचा. फौज हे शहर वाचवायला आली होती. कुणापासून, ते अजून कळवायचं राहिलं होतं. बस डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत मेजरने टेबल मांडलं होतं. या खोलीच्या खिडकीतून नदी दिसायची, नदीतले दोन खांब दिसायचे आणि खांबांच्या मध्ये भरपूर मोकळं आकाश दिसायचं. म्हणून खिडकीवर चादर ठोकली होती.

टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीवर ड्रायव्हर, हात गळ्यात बांधलेला. दुसरीवर कंडक्टरची आई. कंडक्टर त्या दिवशी बसमध्ये होता. म्हणजे अजूनही होता.

"आमच्या इंजिनिअरांनी पूल तपासलेला आहे. पूल भक्कम आहे," मेजर म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या दुभाष्याने ते सांगितलं. "भक्कम पूल पडत नाहीत. मग बस नदीत गेली कशी? तर ड्रायव्हरने घातली."

"साहेब, तुमचे रणगाडे किती दिवस जात होते वरून," ड्रायव्हर म्हणाला. "तिथं पाटी होती. जड वाहनांना बंदी म्हणून."

"कुठे आहे पाटी?"

पाटी फौजेनेच काढली होती. आधी पाटी काढली, मग रणगाडे नेले. नियम मोडलेला त्यांना अजिबात खपत नसे.

ड्रायव्हरने चादर ठोकलेल्या खिडकीकडे बघितलं. मग कुणी न विचारलेलं बोलायला लागला.

"पण चूक माझीपण आहे. या पुलाच्या अलीकडे आम्ही माणसं उतरवतो. पहिल्यापासून. बस रिकामी काढायची, माणसं मागून चालत येतात, पलीकडे परत बसतात. मावशींचा पोरगा सगळ्यांच्या पुढे शिट्टी वाजवत चालायचा, बँडमास्तर असल्यासारखा. त्या दिवशी नाक्यावरचा तुमचा शिपाई म्हणाला, पुलावर पायी जायला बंदी आहे, सगळे आत बसा. मी बसवले."

"बंदूक रोखून म्हणाला ना?" दुभाष्याने हळूच विचारलं. हा प्रश्न मेजरचा नव्हता.

"रोखली नव्हती. हातात होती नुसती. मी नाही म्हणायला हवं होतं. गाडी तिथंच बंद पाडायला हवी होती. एरवी रोज बंद पडायची."

मेजरला शब्द कळले नाहीत, पण माणूस काहीतरी कबूल करतोय एवढं चेहऱ्यावरून कळलं. तो खूश झाला आणि कंडक्टरच्या आईकडे वळला.

"बाईंनी फक्त एवढं म्हणायचं, की माझा मुलगा या ड्रायव्हरमुळे गेला. लगेच चौकशी संपेल. चौकशी संपली की क्रेन येईल, बस वर काढू, मुलगा तुमच्या ताब्यात देऊ. तोपर्यंत नदीला हात लावता येत नाही. नदी पुरावा आहे."

"म्हणा, मावशी," ड्रायव्हर म्हणाला. "घ्या माझं नाव. अगदीच खोटं नाही ते. तो वर तरी येईल."

भाजीवाल्याने वजनात मारलं की बायका जसं बघतात, तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

"आयुष्यात कधी गाडी वेळेवर आणलीस का रे?"

"नाही, मावशी."

"माझा पोरगा रोज घरी येऊन तुझ्या नावाने ओरडायचा. ब्रेक मारतो की दगड मारतो म्हणायचा. आणि तू पूल पाडायला निघालास? एवढा मोठा कधी झालास?"

"मी उतरवलं नाही त्यांना, मावशी."

"नाहीच उतरवलंस. ते मी विसरणार नाही. मरेपर्यंत तुला दारात उभं करणार नाही. पण ते तुझं-माझं झालं." तिने मेजरकडे मान उडवली. "त्यात हा कशाला? एवढ्या लांबून रणगाडे घेऊन हा आपलं भांडण सोडवायला आलाय?"

दुभाष्याने यातलं किती पुढे पोचवलं कोण जाणे. मेजरने घड्याळाकडे बघत विचारलं, "म्हणजे हो की नाही?"

"नाही."

"मग क्रेन येणार नाही. त्यांना हे समजतंय ना?"

दुभाष्या तिच्याकडे वळला. तिला त्याची गरज पडली नाही. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. ड्रायव्हर धडधाकट हाताने तोंड दाबून रडायला लागला.

"रडायचं तर बाहेर जा," ती म्हणाली. "इथं चौकशी चाललीय."

मग ती दुभाष्याला म्हणाली, "माझं म्हणणं लिहून घ्या. सरकारी भाषेत घ्या, नाहीतर त्याला कळायचं नाही." दुभाष्याने पेन उघडलं. तिने घसा साफ केला आणि एकेक शब्द सावकाश सांगितला:

"सदर पूल पडलेला नाही, हे मला मान्य आहे. तरी माझ्या मुलाची ड्यूटी संपलेली असल्याने, त्याला त्याच पुलावरून चालत, अंधार पडायच्या आत घरी पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."